घोरणे थांबते तेव्हा



गेल्या अंकात आपण उसाच्या पाचटाविषयी बोललो. खोडव्याचे राहिलेले आहे, ते पुढच्या अंकी घेऊ. आजचा विषय पिकाचा नाही. मी शेतीचा पदवीधर, वैद्यकीचा नव्हे, तेव्हा हा विषय माझ्याकडे कसा आला, असे तुम्ही म्हणाल. तो एका मुक्कामात आला. पुढे डॉक्टरांकडे बसून तो नीट समजून घेतला आणि मगच लिहायला बसलो आहे.

आपल्याकडे घोरण्याला हसतात. लग्नघरी कोणी मोठ्याने घोरू लागला की पोरे त्याला कुंभकर्ण म्हणतात आणि बायका पदर तोंडाला लावतात. वडीलधारे म्हणतात, बिचारा दिवसभर राबला, आता कसा डाराडूर झोपला आहे. घोरणे म्हणजे गाढ झोप, ही आपली पक्की समजूत आहे. मीही पन्नाशी उलटेपर्यंत हेच धरून चाललो होतो.

कृष्णाकाठच्या एका गावात माझे नेहमीचे जाणे-येणे आहे. तिथल्या एका बागाईतदारांना आपण तात्या म्हणू. वय अठ्ठावन्न, आठ एकर ऊस, घरचा ट्रॅक्टर. घराणे माळकरी, तात्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात दारूला शिवलेले नाहीत. तीन वर्षांपूर्वी गळिताच्या हंगामात, भर दुपारी तीन वाजता, कारखान्याकडे ऊस घेऊन जाताना त्यांचा ट्रॅक्टर सरळ रस्ता सोडून चारीत गेला. ट्रॉली उलटली. मडगार्डवर बसलेल्या नातवाने उडी टाकली म्हणून जिवावरचे हातावर निभावले, पण हाताचे हाड मोडलेच. समोरून गाडी नव्हती, रस्त्यात खड्डा नव्हता, ब्रेकही ठीक होते. मग गावाने काय म्हणायचे ते म्हटले. चार दिवसांत चावडीवर ठरून गेले की तात्या घ्यायला लागले. माळ घालून घेतात, असेही कोणी वर जोडले. खोटे कशाला सांगू, माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली होती.

त्यानंतर महिनाभराने दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्याच शिवारात शेतीशाळा होती, म्हणून मी त्यांच्याकडे मुक्कामाला राहिलो. सोप्यात एका कॉटवर ते, दुसऱ्यावर मी. पाठ टेकल्यावर पाच मिनिटांत तात्या घोरू लागले. आवाज असा की भिंतीवरचा कंदील हलावा. माझी काही झोप लागेना. आणि मग एकदम सगळे शांत झाले. मला वाटले, सुटलो. पण ती शांतता वेगळी होती. छाती आणि पोट हलत होते, जणू आतून कोणी धडका देत होते, आणि नाकातोंडातून वारा मात्र येत नव्हता. मी मोबाइलचे घड्याळ धरले. वीस सेकंद, पंचवीस सेकंद. मग घुसमटून एक मोठा हुंकार, अंगाला झटका, कूस बदलली आणि पुन्हा घोरणे सुरू. तात्यांना जाग आली असे वाटत नव्हते. पंधरा मिनिटांत हे नऊ वेळा झाले. एकदा तर अडतीस सेकंद मोजले, आणि त्या वेळी माजघराचे दार उघडून वहिनी बाहेर आल्या. सरळ येऊन त्यांनी तात्यांच्या खांद्याला धरून हलवले.

मला जागा पाहून त्या ओशाळल्या. म्हणाल्या, "साहेब, ह्यांचा आवाज असला की मला झोप लागती. आवाज बंद झाला की जाग येती."

किती वर्षांपासून, असे मी विचारले. म्हणाल्या, सात-आठ वर्षं तरी झाली असतील. कोणाला सांगितले का? "काय सांगायचं साहेब? नवरा घोरतोय म्हणून कोण डाक्टरकडं जातं का?"

मंडळी, त्या रात्री मला कळले की ट्रॅक्टर चारीत का गेला.

डॉक्टर या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. ॲप्निया म्हणजे श्वास थांबणे. हे कसे घडते ते आपल्या पंपावरून चटकन कळेल. विहिरीतून पाणी ओढणाऱ्या बाजूला, म्हणजे सक्शनला, आपण कधी मऊ लपेटा पाइप लावतो का? लावला तर पंप सुरू होताच तो ओढीने चपटा होऊन बसेल. म्हणून तिथे आतून कड्या असलेला कडक पाइप लागतो. देवाने आपल्या श्वासनलिकेला कूर्चेच्या अशाच कड्या दिल्या आहेत. पण तिच्या वरचा, जिभेच्या मागचा घशाचा भाग मात्र मऊ आहे. त्याला हाडाची किंवा कूर्चेची कडी नाही. जागेपणी तिथले स्नायू तो ताणून उघडा धरतात. झोपेत स्नायू सैल पडतात. ज्याचा घसा मुळात अरुंद, मानेत चरबी जास्त, टॉन्सिल मोठे किंवा खालचा जबडा आखूड, त्याचा घसा श्वास आत ओढताना चपटा होऊ लागतो. थोडा चपटा झाला की मऊ भाग थरथरतो, तेच घोरणे. पूर्ण चपटा झाला की आवाज बंद, कारण वाराच बंद. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो. मेंदू ओळखतो आणि माणसाला क्षणभर जागे करतो, स्नायू ताणले जातात, घसा उघडतो. ही जाग इतकी लहान असते की सकाळी आठवत नाही. रात्रीत असे शेकडो वेळा होते. माणूस आठ तास अंथरुणावर असतो, पण झोप तुकड्या-तुकड्यांची. ज्या गड्याला दर दोन मिनिटांनी कोणी हाक मारून उठवले, तो दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर डुलक्या घेईल नाही तर काय करील?

यातली खरी अडचण अशी की ज्याला हा आजार आहे, त्याला तो दिसत नाही. करपा पानावर दिसतो, हुमणी मुळाशी उकरली की सापडते. हा आजार रोगी झोपला असतानाच येतो आणि तो उठायच्या आत निघून जातो. पाहणारा माणूस एकच, त्याच खोलीत झोपणारा. म्हणून आजचे हे लिहिणे घोरणाऱ्यांपेक्षा त्यांच्या घरच्यांसाठी जास्त आहे.

तात्यांना दिवसा पेंग येते हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. पण कारण तयार होते, रात्रीची लाईट. ज्या भागात अजून आठवड्याआड रात्रीची लाईट असते, तिथे दारे धरायला जाणारा कोणता शेतकरी दिवसा पेंगत नाही? तात्यांनी आधी ज्या डॉक्टरांना दाखवले, त्यांनीही जागरण म्हणून शक्तीचे औषध दिले होते. तेव्हा जागरणाची पेंग कोणती आणि आजाराची कोणती, हे ओळखता आले पाहिजे. माझी साधी रीत सांगतो. दिवसाच्या लाईटचा आठवडा आला की ओळीने चार-पाच रात्री पुरेशी झोप घेऊ द्या. जागरणाचा थकवा त्यात बहुधा भरून निघतो, गडी ताजातवाना होतो. पण सात-आठ तास झोपूनही सकाळी अंग जड, तोंड कोरडे, डोके दुखत उठत असेल आणि दुपारी पुन्हा डोळे मिटत असतील, तर दोष जागरणाचा नाही, झोपेतच काही बिघडले आहे.

पेंग मोजण्याचे एक साधन ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली केले. आठ प्रसंग विचारतात आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण देतात. वाचताना, टीव्ही पाहताना, सभेत गप्प बसलेले असताना, तासभर गाडीत नुसते बसून जाताना, दुपारी आडवे झाल्यावर, कोणाशी बोलत असताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, आणि गाडी रहदारीत काही मिनिटे थांबली असताना डुलकी लागण्याचा संभव किती? बेरीज दहाच्या वर गेली तर डॉक्टरांना दाखवावे. कीर्तनात डुलणारे आपल्यात पुष्कळ, त्यांनी लगेच घाबरू नये. पण समोरच्याशी बोलता-बोलता किंवा हातात स्टिअरिंग असताना डोळा लागत असेल, तर बेरीज करत बसण्याचीही गरज नाही.

दुसरी प्रश्नावली कॅनडातील टोरांटोच्या डॉक्टरांनी २००८ साली शस्त्रक्रियेच्या रोग्यांसाठी तयार केली. ती आता सर्रास वापरतात. बंद दाराबाहेर ऐकू जाईल असे घोरणे, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहिले आहे का, रक्तदाब आहे का, लठ्ठपणा फार आहे का, वय पन्नासच्या वर, मानेचा घेर चाळीस सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष. आठांपैकी तीन 'होय' आले तर धोका धरावा, पाच आले तर मोठा धोका. मान मोजायला टेप नसली तर सुतळी गुंडाळा आणि ती पट्टीवर धरा. चाळीस सेंटिमीटर म्हणजे पावणेसोळा इंच. तात्या दिसायला काही फार जाड नाहीत, पण मान निघाली सतरा इंच. आठांपैकी सातांना होय!

आणखी दोन खुणा सांगतो, त्यांचा घोरण्याशी संबंध कोणाच्या मनात येत नाही. तात्यांना रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागे. त्यांनी साखर तपासली, ती ठीक निघाली आणि विषय तिथेच राहिला. बंद घशाविरुद्ध छाती ओढ घेते तेव्हा हृदयावर ताण पडतो आणि त्यामुळे लघवी जास्त तयार होते. वय झाले की प्रोस्टेटमुळेही असे होते, तो भाग निराळा. दुसरी खूण रक्तदाबाची. दोन-दोन, तीन-तीन गोळ्या वेळेवर घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल तर डॉक्टरांपुढे घोरण्याचा विषय स्वतःहून काढा. उपचार न केलेल्या या आजारात हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोकाही वाढलेला आढळतो.

बायकांचे चित्र जरा वेगळे असते. त्यांच्यात मोठे घोरणे असेलच असे नाही. झोप नीट लागत नाही, सकाळी डोके दुखते, दिवसभर अंगात त्राण नसते, चिडचिड होते, असे सांगतात आणि आपण 'अशक्तपणा' म्हणून सोडून देतो. पाळी गेल्यानंतर बायकांतही हा आजार वाढतो. आणि खरे सांगायचे तर घरातली बाई घोरते की नाही, याकडे लक्ष द्यायला तिच्यासाठी कोण जागे असते?

लहान मुलांत कारण बहुधा टॉन्सिल आणि नाकामागची गाठ वाढणे हे असते. मूल तोंड उघडे ठेवून झोपते, घोरते, घामाघूम होते, मान मागे टाकून झोपते, मोठे झाल्यावरही अंथरूण ओले करते. दिवसा ते पेंगेलच असे नाही, उलट ते चंचल होते, अभ्यासात मागे पडते आणि मास्तरांचा मार खाते. अशा मुलाला कान-नाक-घसा तज्ज्ञांना अवश्य दाखवा.

हा आजार शहरातल्या बैठ्या माणसांचाच, असे समजू नका. मात्र गणती शहरातली आहे म्हणून ती सांगतो. मुंबईत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत शंभरातल्या सुमारे साडेसात जणांना लक्षणांसह हा आजार आढळला.

आता निदानाकडे वळू. सकाळी चहा घेताना मी रात्रीचे सांगितले तेव्हा तात्या हसले. कोरोनाच्या काळात घेतलेले बोटाला लावायचे यंत्र त्यांनी कपाटातून काढले आणि लावून दाखवले. आकडा आला सत्त्याण्णव. "बघा साहेब, काय झालंय मला?" पुष्कळांची इथेच फसगत होते. जागेपणी घसा उघडाच असतो, मग आकडा चांगला येणारच. विहिरीची पातळी मोटार बंद असताना मोजून काय उपयोग?

मी वहिनींना म्हटले, मोबाइलवर रात्री दहा मिनिटे चित्रण करा, छाती-पोट दिसेल असे. थोरल्या मुलाने ते केले. ते पाहून तात्या पहिल्यांदा गप्प झाले. तालुक्याच्या फिजिशियननी ते चित्रण आणि वहिनींचे बोलणे लक्ष देऊन ऐकले, घसा, नाक, जबडा पाहिला, रक्तदाब घेतला, थायरॉइड तपासायला सांगितले. थायरॉइड मंद असला तरी हा आजार होऊ शकतो. मग जिल्ह्याच्या ठिकाणी छातीच्या विकारांच्या तज्ज्ञांकडे झोपेच्या तपासणीसाठी पाठवले.

या तपासणीला लोक फार भितात, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. सुई टोचत नाहीत, भूल देत नाहीत. एक रात्र तिथे झोपायचे. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, छातीला आणि पायाला चिकटपट्टीने बारीक तारा लावतात. नाकाशी वारा मोजणारी नळी, छाती आणि पोटाला एकेक पट्टा, बोटाला प्राणवायूचे यंत्र. माणूस किती आणि कसा झोपला, वारा किती वेळा थांबला, तेव्हा छाती हलत होती का, प्राणवायू किती उतरला, हे सगळे नोंदले जाते. छातीचे हलणे महत्त्वाचे. वारा बंद आणि छाती हलते, तर दोष घशाचा. वारा बंद आणि छातीही स्वस्थ, तर मेंदूकडून श्वासाचा हुकूमच येत नाही. तो प्रकार वेगळा आणि कमी आढळणारा, त्याचे उपचारही वेगळे. लक्षणे स्पष्ट असतील आणि दुसरे मोठे आजार नसतील तर डॉक्टर घरी लावून झोपायचे लहान यंत्रही देतात. घरच्या तपासणीत काही आले नाही पण लक्षणे मात्र तशीच, तर रुग्णालयातली पूर्ण तपासणी करून घ्यावी. खर्च आधी विचारावा आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सोय आहे का, तेही पाहावे. तपासणीच्या दिवशी दुपारी झोपू नये. चालू असलेली औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

निकालात मुख्य आकडा एक असतो. दहा सेकंद किंवा अधिक वेळ श्वास थांबणे किंवा बराच कमी होणे, हे तासाला किती वेळा झाले? मोठ्या माणसात पाचपेक्षा कमी असेल तर ठीक. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. मुलांचे माप याहून कडक असते, त्यांना तासाला एकदासुद्धा जास्त धरतात. तात्यांचा आकडा एकेचाळीस आला.

उपचाराचे थोडक्यात सांगतो, कारण ते ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवतील. वजन कमी करणे आणि कुशीवर झोपणे याने फरक पडतो. रात्री दारू घेणारे म्हणतात, थोडी घेतली की झोप छान लागते. दारूने आणि झोपेच्या गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो, तेव्हा या रोग्याने दोन्हींपासून लांब राहावे. बाजारात घोरणे बंद करणारी तेले आणि अंगठ्या विकतात, त्यांवर पैसे घालू नका. कसलीही शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार आधी सांगा. तात्यांसारख्यांना सीपॅप नावाचे यंत्र लागते. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत १९८१ साली प्रसिद्ध केली. तत्त्व आपल्या लपेटा पाइपाचेच. आतून दाब मिळाला की तो पाइप फुगून उघडा राहतो. नाकावरच्या मास्कातून हलक्या दाबाची हवा देऊन घसा रात्रभर तसाच उघडा ठेवतात.

तात्यांनी पंधरा दिवस ते यंत्र नाकारले. नातू म्हणे, आजोबांना सोंड आली. मास्क टोचे, नाक कोरडे पडे. मास्क बदलून घेतला, मग जमले. लाईट गेली की यंत्र बंद पडते, म्हणून मुलाने इन्व्हर्टर बसवला. डॉक्टरांनी सांगेपर्यंत तात्यांनी ट्रॅक्टरला हात लावला नाही, आणि निदान झालेल्या प्रत्येकाने असेच करावे. कडबाकुट्टी, उसाचे चरक, विहिरीचा काठ, हेसुद्धा त्यातच आले.

चावडीवर मात्र कोणी येऊन 'तात्या, आमचे चुकले' असे म्हणाले नाही. तशी आशाही नव्हती.

डॉक्टरांकडे जाताना एकटे जाऊ नका. तुमच्याच खोलीत झोपणाऱ्याला सोबत न्या आणि बोलणे त्यालाच करू द्या. त्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात तात्या निम्म्या प्रश्नांना "तसं काही नाही" म्हणत होते आणि शेजारून वहिनी मान हलवत होत्या.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनींना विचारले, आता झोप लागते ना? म्हणाल्या, लागते, पण पहिले दोन-तीन महिने फार वाईट गेले. यंत्राने घोरणे बंद झाले, घर शांत झाले आणि त्या शांततेनेच त्यांना दचकून जाग येई. अंधारात उठून त्या तात्यांच्या छातीवर हात ठेवून पाहत आणि मग परत जाऊन पडत.

पुढच्या अंकी खोडव्याचे खत-पाणी.